नव्वद सरळ, सहा तिरके

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी माझं डोकं खायला नको. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, अठरा वर्षं झाली. स्लाइडवर जे दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही… इतकं माझं साधं आहे. इथले अनुभव मी वाचते ते जेवताना टाइमपास म्हणून, आणि निम्म्या लोकांना झोप पुरत नसणार असं म्हणून पुढे जाते. आता स्वतःच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

मी नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात राहते, फ्लॅटमध्ये. माहेर राजोडीला. घरातून समुद्र दिसत नाही, पण त्याची खारी हवा घरातलं एकही लोखंड सोडत नाही. आई तिथे एकटी असते, सत्तरी ओलांडलेली. भाऊ मेल्विन दोह्याला. पप्पा गेल्या वर्षी गेले. (आम्ही घरात बोलतो ती बोली वेगळी आहे. सगळ्यांना कळावं म्हणून इथे साध्या मराठीत लिहितेय.)

पप्पा सुतार होते. घराची सगळी दारं-खिडक्या त्यांच्या हातची. पुढच्या खोलीच्या दोन खिडक्या ओट्यावर उघडतात, प्रत्येकीला चार झडपा, दोन वर, दोन खाली, सगळ्या सागाच्या. वरची एक झडप उचलायची तर माझी कंबर धरते, इतकी जड.

आता त्यांची एक सवय सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. स्टार स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते ना? पप्पा स्क्रू घट्ट करताना शेवटचा पीळ असा द्यायचे की ती खाच बरोबर उभी-आडवी थांबली पाहिजे. "क्रूस आहे तो, पडका ठेवायचा नाही," म्हणायचे. आणि एखादा स्क्रू लाकडात पकडत नसेल, नुसताच फिरत असेल, तर तो मुद्दाम तिरका सोडायचे, गुणाकाराच्या चिन्हासारखा. तिरका स्क्रू म्हणजे काम बाकी. मग लाकडाची खुंटी ठोकून तो पुन्हा बसवायचे आणि तेव्हाच सरळ करायचे. देवळातल्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) बाकांपासून शेजाऱ्यांच्या कपाटापर्यंत सगळीकडे हेच.

मला त्यांनी कधी ड्रायव्हर हातात दिला नाही. मेल्विनला द्यायचे, त्याला नको असायचा. माझ्या हातात टॉर्च. "तू टॉर्च धर, बाय." बाय म्हणजे मुलगी, आमच्याकडे लाडाने म्हणतात. मी चाळीस वर्षांची झाले तरी टॉर्चच धरत होते. मला राग यायचा, अजूनही येतो.

पप्पांच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे वर्षश्राद्धासारखी चर्चमधली प्रार्थना, जवळ आली. माणसं घरी येणार, आणि खिडक्यांची ही अवस्था. बिजागऱ्या गंजून फुगलेल्या, कड्या सरकत नाहीत, एक हँडल तर माझ्या मावशीच्या हातातच आलं. आई म्हणाली, सुताराला सांगू. मी म्हटलं, सुताराची मुलगी मेली नाहीये अजून. सातिवलीच्या एका गोडाऊनमधून स्टीलच्या बिजागऱ्या, हँडलं, कड्या, आकडे असं सगळं सामान उचललं, बॅटरीवरचा ड्रायव्हर घेतला आणि शनिवारी सकाळी सुरुवात केली. आठ झडपा, प्रत्येकीला दोन बिजागऱ्या, बिजागरीला सहा स्क्रू. एकूण शहाण्णव. क्रूस-बिस बघायला वेळ नव्हता, मशीन थांबेल तिथे स्क्रू थांबला.

आता खरं सांगायची वेळ आली. डावीकडच्या खिडकीची वरची डावी झडप. तिच्या चौकटीकडचे स्क्रू पकडतच नव्हते. जुन्या भोकांतून भुगा येत होता. काय करायचं ते मला चांगलं माहीत होतं, तीस वर्षं टॉर्च धरून बघितलं होतं. पण संध्याकाळ व्हायला आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी येणार होता. मी भोकांत पुट्टी भरली, थोडी सुकू दिली आणि त्यातच ते सहा स्क्रू घुसवले. झडप उघडून भिंतीवरच्या आकड्याला अडकवली. राहिली. चालेल, म्हटलं.

रविवारी रंगारी आला आणि त्याने ऑइल पेंट बिजागऱ्यांवरूनही फासला. त्याच्याशी भांडले, पण तोवर ब्रश फिरला होता. संध्याकाळी फोटो काढून मेल्विनला पाठवले, प्रत्येक झडपेचा जवळून एक. हौस होती ना. "पप्पांना दाखवायला हवं होतं," असं त्याने लिहिलं. झडपा चिकटू नयेत म्हणून आठवडाभर उघड्याच ठेवायच्या ठरल्या, आकडा लावून.

तो आठवडा माझा फार वाईट गेला. त्या डाव्या खिडकीखालीच ओट्यावर आईचा बाक आहे. रोज चार वाजता ती तिथे बसून माळ जपते, डोक्यावर बरोबर ती झडप. लॅबमध्ये सुई टोचताना मला ते आठवायचं. जेवताना आठवायचं. मंगळवारी फोन केला.

"आई, खिडकी नीट आहे ना?"

"खिडकीला काय होणार?"

"बाक जरा उजवीकडे ओढून बस ना."

"तिथे ऊन येतं. तुला आज काय झालंय?"

पुट्टी भरली असं काही माझ्या तोंडून निघेना. बुधवारी पुन्हा फोन केला, तेव्हा ती वैतागली. शनिवारी येतेच आहे तर तेव्हा बघू, म्हटलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शनिवारी तीनच्या सुमाराला पोचले. मिस्सा दुसऱ्या दिवशी होती. आई बाकावर बसली होती, आज लवकर माळ हातात. शेजारी भिंतीला काठी टेकवलेली.

"काठी कशाला काढलीस?" मी विचारलं.

"रंग सुकला. माळ झाली की आकडे काढून वरच्या झडपा लावते. उद्या सकाळी मिस्साला निघायचं, घाई नको." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि बाय, आता छान केलंस. गेल्या रविवारी ते स्क्रू कसेही होते, मला बरं वाटलं नव्हतं. पप्पांसारखे सरळ केलेस ते बरं झालं. कधी आलीस गं? मला कळलंच नाही."

मी म्हटलं, आई, मी आजच येतेय. ती म्हणाली, मग कोणी केलं? मला वाटलं, वय झालं, विसरतेय. तरी खालच्या झडपेच्या बिजागरीकडे बघितलं.

सहाच्या सहा स्क्रू सरळ होते. उभी खाच उभी, आडवी खाच आडवी.

फोन काढला आणि फोटो उघडला. तीच झडप, तीच बिजागरी. फोटोत सहाही वेगवेगळ्या दिशांना. मग मला एका जागी उभं राहवेना. उजव्या खिडकीकडे गेले, परत डावीकडे आले, आतून स्टूल आणलं, टॉर्च लावून वरच्या झडपा बघितल्या. एकेक फोटोशी ताडून बघत होते आणि मोजत होते. आई विचारतेय काय झालं, मी मोजतेच आहे. स्क्रूंवरच्या रंगाला नख लावून बघितलं. कुठे तडा नाही. स्क्रू फिरला तर वरचा सुकलेला रंग फाटणारच, हे कोणीही सांगेल. तो अखंड होता.

नव्वद सरळ. आईच्या डोक्यावरच्या झडपेचे, चौकटीकडचे सहा तिरके. आणि ऐका, फोटोत त्या सहांतला एक योगायोगाने सरळ थांबलेला दिसतो. आता तोही तिरका होता.

तिरका स्क्रू म्हणजे काम बाकी.

"आई, ऊठ."

"माळेची दोन दहेकं राहिलीत."

"आई, ऊठ म्हणते ना मी."

मी तिच्यावर कधी इतक्या जोरात ओरडले नव्हते. ती उठली, रागानेच. मी बाक ओढून अंगणात नेला, आईला लांब उभं केलं, स्टुलावर चढले, एका हाताने झडप धरली आणि दुसऱ्या हाताने आकडा काढला.

झडप सरळ माझ्या अंगावर आली. दोन्ही बिजागऱ्या, सहाही स्क्रू, पुट्टीचा चुरा, सगळं एकदम बाहेर. आठवडाभर ती नुसत्या आकड्यावर लटकत होती. खांद्यावर घेतली म्हणून तोंड वाचलं, पण स्टुलासकट खाली बसले. खांदा पंधरा दिवस काळानिळा होता. आणखी दहा मिनिटांनी आई तिथेच, खाली उभी राहून, काठीने तो आकडा काढणार होती.

आई जवळ आली. चौकटीतली भोकं बघितली, पुट्टी बघितली. सुताराच्या बायकोला काय सांगायचं… तिने कपाळापासून क्रूसाची खूण केली आणि माझा खांदा दाबून बघितला.

"तुझे पप्पा असते तर तुला ओरडले असते," ती म्हणाली.

"ओरडलेच की," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. वर्षभर रडले नव्हते, दफनालाही नाही.

त्या संध्याकाळी चौकटीचा पोखरलेला भाग कापून काढला, पप्पांच्या पेटीतला सागाचा तुकडा बसवला, खुंट्या ठोकल्या आणि लांब स्क्रू हाताच्या ड्रायव्हरने पिळले. आईने टॉर्च धरला. सहाही पकडले, तेव्हाच सरळ केले.

मिस्सा नीट झाली. फादरना काही सांगितलं नाही, त्यांना आधीच कामं कमी नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आईने केलं. आईला बरणीचं झाकण उघडत नाही, सांधे धरलेत. रंगारी? तो एकदाच आला होता, आणि त्याला काय पडलंय. वाऱ्याने झडपा हलतात आणि स्क्रू ढिले होतात, हेही मान्य. पण नव्वद स्क्रू एकाच दिशेला? रंग न फाटता? मेल्विन म्हणतो, फोटो चुकीचे असतील. फोटो त्याच्याच फोनमध्ये आहेत. मी लॅबवाली बाई, सगळं उलटसुलट करून बघितलं.

शेवटी एक चाचणीही केली, ती सांगते. उजव्या खिडकीच्या खालच्या झडपेचा एक स्क्रू मी मुद्दाम तिरका करून ठेवला. त्यावरचा रंग लगेच फाटला. लाकडात घट्ट आहे तो, काम काही बाकी नाही. फक्त बघायचं होतं, कोणी येऊन सरळ करतं का.

चार महिने झाले. तो तसाच तिरका आहे. आई म्हणते, कर गं तो सरळ, वाईट दिसतो. मी म्हणते, राहू दे. दर रविवारी राजोडीला गेले की चप्पल काढायच्या आधी तो बघते, आणि मग आईला हाक मारते.