वाघाचा मोतीबिंदू

नागपुरात हुडकेश्वरच्या पौनीकरांकडे वाघ राहतो, हे गल्लीतल्या कुरिअरवाल्यालाही ठाऊक आहे. एरवी हा वाघ एसटीत कंडक्टर असतो. उमरेडच्या गाडीत गळ्यात मशीन अडकवून ‘पुढं सरका, पुढं सरका’ करतो, आणि हिवाळा लागला की खेळापुरती रजा टाकून झाडीपट्टीच्या नाटकात डरकाळ्या फोडतो. नाव वसंत. पण त्याचा जबडा, त्याच्या मिशा, त्याची शेपूट, सगळं घडवते त्याची बायको भारती. त्यामुळे गोष्ट वाघाची असली तरी ती भारतीचीच.

भारती उमरेडच्या विणकराघरची. वडिलांचा माग मोडीत गेला तेव्हा ती शाळेत होती. पण बोटांची सवय मोडीत जात नाही. कुठे उसवलेलं, तुटलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवतात. लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याचं नाटक बघायला गेली, तर विंगेत राजाचा मुकुट फाटलेला आणि राजा रडकुंडीला आलेला. हिने केसांतल्या पिना काढून तो जागच्या जागी उभा केला. त्या दिवसापासून नाटक कंपनीचे मुकुट, दाढ्या, राक्षस, सगळं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये येऊ लागलं.

वाघ मात्र तिचा लाडका. त्याच्या एका प्रवेशात तो काही करतच नाही. पाटलीण विहिरीवर एकटी पाणी काढते आणि वाघ झुडपातून नुसता बघतो. डरकाळी नाही, झेप नाही. सगळा खेळ डोळ्यांचा. म्हणून भारतीने या वर्षी नवे डोळे केले. साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक रेझिनचे, फुगीर, मागच्या बाजूने सोनेरी वर्ख आणि काळी बाहुली. दिवा पडला की नजर हलल्यासारखी वाटावी.

पहिल्याच खेळात दिवा पडला. नजर काही हलली नाही. रेझिन ढवळताना शिरलेले बारीक बुडबुडे आतच अडकून घट्ट झाले होते आणि दिव्यात दोन्ही डोळे पांढरे पडले. पहिल्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, “अवं माय! वाघाले मोतीबिंदू झाला!”

मग काय विचारता. मागून पोट्टे सुरू झाले. “ऑपरेशन करा गा याचं!”

“चष्मा द्या वाघाले!”

“बाई, भिऊ नको, त्याले दिसूनच नाही राहिलं!”

पाटलीण पदरात तोंड खुपसून हसली. वसंतने घाबरून नको तिथे डरकाळी फोडली, तर लोक आणखी हसले. दुसऱ्या दिवशी एसटीत एका प्रवाशाने नोट पुढे करत विचारलं, “मास्तर, सुट्टे दिसून राहिले ना?” वसंत घरी येऊन जेवला नाही.

कंपनीचे मालक गिरिधरभाऊ दोन दिवसांनी आले. चहा घेतला, बशी ठेवली.

“वहिनी, राग नका मानू. पुढच्या खेळापासून वाघ एलईडीच्या पडद्यावर. खराखुरा, जंगलातला. मोबाईलवर किती मिळते.”

“आन् मी?” वसंतने विचारलं.

“तुले काम देतो ना गा. जंगलाच्या शीनमध्ये झाड पाहिजेच.”

“झाड?” वसंत उठून बाहेर गेला.

भारतीने बशी उचलली नाही. “भाऊ, एक खेळ द्या. फक्त एक.”

“उमरेडजवळचा आहे, रथसप्तमीनंतर तिसऱ्या दिवशी. पण विचार करा. तिथल्या लोकांच्या वावराच्या धुऱ्यावरून खरा वाघ जाते. थे हसले, तं आपला वाघ मेला समजा.”

“नाही हसत,” भारती म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली, तिलाही कळलं नाही.

बुडबुडे काढायचा उपाय तिला माहीत होता. मोबाईलवर पाहिला होता. जाड बुडाच्या उंच पातेल्यावर पारदर्शक झाकण बसवायचं, कडेला रबर, आत रेझिनचा ग्लास, आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. वरचा हवेचा दाब गेला की रेझिनमधले बुडबुडे फुगतात, वर येतात, फुटतात. शेजारच्या नागसेनने एसी दुरुस्तीचा पंप दिला, झाकणाला भोक पाडून दाबाचं घड्याळ आणि हवा परत आत सोडायची कळ बसवून दिली. सासूबाईंनी, मैनाबाईंनी, त्याचं बारसं केलं: उलटा कुकर.

“साध्या कुकरात वाफ कोंडते, यातून हवाच काढून राहिली ही. खायचं काय होते बाप्पा यात?”

“वाघाचे डोळे, आई.”

“शिट्ट्या किती?”

शिट्टी नव्हती, तिथेच घोळ होता. पंप सुरू झाला की काटा खाली यायचा, रेझिन पांढरं व्हायचं आणि फसफसत ग्लासात चढायचं. काठाशी आलं की भारतीचा हात आपोआप कळीवर जायचा. फुस्स! हवा आत, फेस खाली, आणि बुडबुडे परत जिथल्या तिथे. पहिल्यांदा तसं. दुसऱ्यांदा तसं. तिसऱ्यांदा मैनाबाईच दारातून किंचाळल्या, “उतू जाऊन राहिलं वं!” आणि भारतीने इतक्या जोरात कळ फिरवली की ग्लास आत आडवा झाला. प्रत्येक वेळी डोळे ओतले, प्रत्येक वेळी मोतीबिंदू. शेवटी एका जोडीपुरतं रेझिन उरलं.

वसंतने तिला शेडच्या उंबऱ्यावर बसलेली पाहिली. “भारती, राहू दे. झाडाचं काम वाईट नसते. उभंच राहाचं असते.”

“तुम्ही गप्प बसा. वाघासारखे गप्प बसा.”

रथसप्तमीची सकाळ. मैनाबाईंनी अंगणात रांगोळीचा रथ काढला, गोवऱ्या पेटवल्या आणि वर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं. भारती शेजारी बसली होती, डोकं शेडमध्ये. उन्हाचा पट्टा कंपाउंडवरून खाली उतरला तसं दूध थरथरलं, साय ताणली गेली, कडेने फुगून वर आलं. आणि भारतीचा हात गेला बोळक्याकडे.

फट्! मैनाबाईंनी मनगटावर चापट मारली.

“बह्याड झाली का? आजच्या दिवशी हात नाही लावाचा. सूर्याचं दूध आहे थे. उतू जाऊ दे.”

“सवय आहे, आई.”

“सवय वर्षभर ठेव. आज पाह्य नुसती.”

भारतीने पाहिलं. आयुष्यभर तिने दूध चढायच्या आधीच गॅस बंद केला होता. दर रथसप्तमीला नमस्कारासाठी डोळे मिटले होते. आज ते उघडे राहिले. दूध काठावरून ओघळलं, विस्तवावर चर्र झालं, आणि मग जे उरलं ते आपल्या आपण खाली बसलं. शांत. फेस नाही, काही नाही.

“आई!”

“काय वं?”

“मी त्याले उतूच जाऊ देत नव्हती!”

“कोणाले?”

पण भारती स्वयंपाकघरात पोचली होती. तिने दुधाची उंच बरणी उचलली.

“अवं, माही बरणी!”

“नवी आणते! हिच्यात आता दूध नाही ठेवता येत!”

उरलेलं रेझिन आणि हार्डनर मोजून मिसळलं. बरणीच्या तळाला जेमतेम पसरलं. वर चढायला आता जागाच जागा. बरणी पातेल्यात, झाकण, पंप. काटा खाली आला. फेस उठला. एक वीत चढला, आणखी चढला. वसंत दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागे हातात हळदकुंकवाची कोयरी घेऊन मैनाबाई.

“भारती, गेलं! कळ फिरव!”

“बोलू नका!” तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून पोटाशी घट्ट धरले. हात पदराच्या आत तडफडत होते. फेस बरणीच्या गळ्याशी आला. काठाला लागला. एक थेंब बाहेर ओघळला.

आणि फेस कोसळला. एखादा फुगलेला तंबू बसावा तसा, एका दमात तळाला गेला. त्यावर दोन-चार मोठे बुडबुडे आले, फुटले, मग तेही थांबले. झाकणातून खाली पाहिलं तर बरणीचा तळ लख्ख दिसत होता, जणू आत काहीच नव्हतं.

तिने कळ सावकाश सोडली. मैनाबाईंनी पुढे होऊन उलट्या कुकरला हळदकुंकू लावलं. “यानंही रथसप्तमी केली म्हणाचं,” त्या म्हणाल्या.

रेझिनची बारीक धार साच्याच्या कडेने सोडली. दोन दिवसांनी डोळे साच्यातून निघाले तेव्हा वसंतने एक उन्हात धरला, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाला, “हे पाहून राहिलं माह्याकडं.”

उमरेडजवळच्या त्या गावात ताडपत्रीवर माणूस मावत नव्हता. पहिल्या रांगेत मैनाबाई, शेजारी भारतीच्या माहेरची मंडळी. भारती विंगेत, गिरिधरभाऊंच्या बाजूला. भाऊंनी एलईडीवाल्याचा नंबर मोबाईलवर काढूनच ठेवला होता. पाटलीण विहिरीवर आली. बादली खाली सोडली. झुडूप हललं आणि पिवळा दिवा वाघाच्या तोंडावर पडला.

कोणी हसलं नाही.

डोळ्यांच्या आत खोल कुठेतरी सोनं पेटलं. वसंतने मान अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली, आणि ते सोनं रांगेतल्या एकेका माणसावरून फिरत गेलं. बादलीचा दोर पाटलिणीच्या हातून खरोखरच सुटला. मग एक आवाज आला, सरसर सरसर. भारतीला आधी कळेना. वाकून पाहिलं, तर पहिली रांग बसल्या बसल्या मागे सरकत होती. दुसरी रांग कुरकुरली आणि तीही सरकली. स्टेजपुढे ताडपत्रीचा रिकामा निळा पट्टा उघडा पडला. बकऱ्या चारणारा एक म्हातारा काठी घेऊन उभाच राहिला होता.

“माह्याकडंच पाहून राहिला वं!” कोणी बाई कुजबुजली.

“नाही, माह्याकडं,” दुसरी म्हणाली.

गिरिधरभाऊंनी मोबाईल खिशात टाकला. “वहिनी,” ते हळूच म्हणाले, “झाडाच्या कामाले दुसरा माणूस पाहावा लागते.”

पडदा पडल्यावर वसंत जबडा काखेत मारून खाली आला, तर मैनाबाई चौथ्या रांगेत, दोन अनोळखी बायांच्या मांडीला चिकटून बसलेल्या.

“काहून वं आई, तू तर पुढं बसली होती?”

मैनाबाईंनी आधी त्याच्या काखेतल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तू आधी थे तोंड तिकडं कर,” त्या म्हणाल्या, “मंग सांगते.”