खांदेपालटाची जागा

शेगावला उतरले आणि कचोरीकडे ढुंकूनही न पाहता संग्रामपूरची एसटी पकडली. यावरूनच माझी अवस्था ओळखा. अकरा वाजता मंडळ अधिकारी पाहणीला येणार होते आणि सुमनमावशीने फोनवर बजावलं होतं, "तू लिहिणारी-वाचणारी पोरगी. तू पाह्यजेच."

मावशी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबली. बौद्धवस्तीतून स्मशानात जाणारी वाट एका शेतमालकाने काट्यांचं कुंपण घालून अडवली, तेव्हापासून नऊ वर्षं ती तहसीलचे उंबरठे झिजवते आहे. तिच्या नवऱ्याची मैत (प्रेतयात्रा) नाल्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून न्यावी लागली होती.

वरवट बकालच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. माझं लक्ष घड्याळाकडे. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठी जाऊन राह्यल्या, बाई?" मी वाटेच्या पाहणीचं सांगितलं.

"तो रस्ता? काई होत नाई तो," म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पोचले तेव्हा मावशी बांधावर उभी होती. समोर शेत ताजं नांगरलेलं, वाटेचा मागमूस नाही. मालकाने कालच ट्रॅक्टर फिरवला होता. मावशीने फडक्यातला भाकर-ठेचा पुढे केला, पण मी फडकं तसंच परत बांधून ठेवलं. मागे सातपुडा निवांत निळा होता. त्याचाही राग आला.

अधिकारी आले. "इथे वाट दिसत नाही. तसंच लिहावं लागेल."

"नव्हतीच साहेब कधी," मालक म्हणाला.

संपलं, मला वाटलं. नऊ वर्षं मातीत गेली.

मावशी चपला हातात घेऊन ढेकळं तुडवत निघाली. आम्ही मागोमाग. शेताच्या मधोमध ती थांबली. तिथे बाजेएवढी जागा नांगर न लागता तशीच राहिली होती, वर वाळकं गवत.

"साहेब, वाट चालू होती तवा इथं आमी मैत टेकवत होतो, खांदे बदलत होतो. इथं नांगर घालाले ट्रॅक्टरवाल्याले भेव वाटलं. आता इचारा यायले, वाट नव्हती त मुर्दा इथवर आला कसा?"

अधिकाऱ्यांनी जागा मोजून पंचनाम्यात लिहिली.

मावशी एसटीपर्यंत सोडायला आली. "निकाल काय लागतो, कोण जाणे," मी म्हटलं.

"लागन तवा लागन. तवर मी काई मरत नाई," ती हसली.

मला हसू आलं नाही. ती बहात्तर वर्षांची आहे. घरी परतल्यापासून फोन वाजला की छातीत धस्स होतं. गावाकडून रस्त्याची बातमी आधी येऊ दे, एवढंच मनात येतं.