कॉलेजआधी सुटणारी बस

आमच्या आगाराचे साहेब कुणालाच नाही म्हणत नाहीत. कंडक्टरपासून चढत ते आगारप्रमुख झाले. अजूनही बोलताना, हातात तिकिटं असल्यासारखा त्यांचा अंगठा बोटावर घासत राहतो. कपाळाला अणदूरच्या खंडोबाचा भंडारा असतो. नकार देणाऱ्याशी भांडता तरी येतं. या माणसाशी कसं भांडावं, मला कळत नाही.

संध्याकाळी कॉलेजातून गावाकडं यायला बस नव्हती. "जीपमध्ये दाटीवाटीनं यायचं असंल तर कॉलेज नगं," असं काकांनी माझ्या चुलत बहिणीला, रेखाला, बजावलं होतं. मी बसच्या मागणीची पत्रकं छापून आगारात गेलो.

"लई चांगलं काम करताय तुमी. सोडतो की बस!" साहेबांनी चहा पाजला.

बस सुटली, पण कॉलेज सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी. मुली फाटकाबाहेर येईपर्यंत ती रिकामीच निघून जायची. मागं जीपवाले उभेच असायचे, साहेबांना रोज नमस्कार घालणारे.

"वेळ बदला, साहेब."

"व्हय, बदलू की." अंगठा फिरला.

वेळ बदलली नाही. प्रवासी मिळत नाहीत म्हणून शेवटी बसच बंद झाली.

परवा साहेबांना बढती मिळाली. स्टँडवर मला बघून म्हणाले, "मागणी आली की बस सोडणारा माणूस, असं वर नाव झालं माझं. तुमच्या पत्रकाची कृपा."

"रेखाचं कॉलेज कायमचं सुटलं, साहेब."

"व्हय? लई वाईट झालं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.