साहेबांनी उमेदवाराला आत टाकलं

निवडणुका आल्या, भिंती रंगू लागल्या, की मला आमच्या एका साहेबांची आठवण होते आणि घास गोड लागत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पिंपरी पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो, साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. एका बाजूला जुन्या गावातला बडा बागायतदार, दुसऱ्या बाजूला कारखान्यातला एक कामगार पुढारी. शिफ्ट सुटली की पुढाऱ्याच्या गेटसभेला माणूस मावत नसे. तो निवडून येणार, हे आमचे हवालदारही बोलून दाखवत.

एका दुपारी साहेब ठाण्याच्या तपासणीला आले असताना इंद्रायणीकाठच्या गावची एक बाई म्हैस हरवल्याची तक्रार घेऊन आली. म्हशीची खूण विचारली तर सांगता येईना. मी हवालदाराला बाहेर पाठवलं, तशी ती रडायलाच लागली.

"म्हस न्हाई हारवली, सायेब. पुढाऱ्याला गेटावर मारायचं ठरलंय. भोसरीच्या शेडात तलवारी केल्यात. माजा मालक बी हाय त्यात. त्या मानसाला वाचवा, पन माज्या मालकाला धरू नगा. मी सांगितलं ह्ये कळलं, तर मला जित्ती ठेवायचे न्हाईत."

साहेबांनी तिला शब्द दिला. पोलिसाने असे शब्द देऊ नयेत, असं माझं तेव्हाही मत होतं.

खबर पडताळणं भाग होतं. भोसरीच्या शेडवाल्याला चौकशीला आणलं. मार खायची तयारी करून आलेला माणूस चहा पुढे ठेवला की गडबडतो, हा माझा अनुभव. तसंच झालं.

"गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या केल्या साहेब, नाही म्हणत नाही. माल गेला पण. कुणी नेला ते विचारू नका, जीव गेला तरी सांगणार नाही."

खबर खरी होती. पण माणसं धरायची तर बाईचं नाव उघडं पडणार.

"पुढाऱ्याला बंदोबस्त देऊ," मी म्हणालो.

"दिला होता. त्यानं हाकलून दिला. पोलिसांच्या गराड्यात कामगारांपुढे उभा राहील का तो?"

"मग त्याला खरं सांगू."

"अहो, तो संध्याकाळी माईकवर सांगेल! त्यालाच उचला. शांतता राखण्याचं हमीपत्र मागा. तो देणार नाही."

साहेबांनी माणूस बरोबर ओळखला होता. कामगार पुढाऱ्यांच्या लेखी असं हमीपत्र लिहून देणं म्हणजे नाक घासणं. मॅजिस्ट्रेटपुढे त्याने सही साफ नाकारली आणि मतदान होईपर्यंत येरवड्यात बसला. सही केली असती, तर तो लगेच गेटवर उभा दिसला असता.

तो थोडक्यात पडला, आणि त्याला मारायची कुणाला गरजच उरली नाही. ठाण्यावर मोर्चा आला, साहेबांच्या जीपवर शेण फेकलं. "साहेब विकला गेला!" अशा घोषणा मी माझ्या कानांनी ऐकल्या. चौकशी लागली, बदली झाली. चौकशीत साहेब मूग गिळून बसले.

निरोपाच्या दिवशी मी हात जोडले. "साहेब, निदान वरिष्ठांना तरी सांगा."

"कागदावर आलं की गावात पोचतं. आणि खरं सांगू? त्याच्या मोर्च्यात माझ्या शिपायाचा डोळा गेला होता. अटकेच्या हुकमावर सही करताना मला बरं वाटलं. मग कोणत्या तोंडानं म्हणू, माझ्या मनात काही नव्हतं?"

नोकरीभर मी आरोपींचे हेतू शोधले. साहेबांच्या त्या सहीत कळवळा किती आणि राग किती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पैसा नव्हता, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो. माणसाच्या मनात एका वेळी दोन गोष्टी असतात आणि लोक त्यातली वाईट तेवढी उचलतात. फार वाईट वाटतं हो.

पुढे निवृत्त झाल्यावर, ती बाई आणि तिचा मालक दोघंही वारल्याचं कळलं. तेव्हा मी पुढाऱ्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. थकला होता बिचारा.

"मला विचारायचं होतं, राव," तो म्हणाला. "मी मरायला तयार होतो."

त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"मी नव्हते तयार," ती म्हणाली. "कुठं राहतात ते साहेब? मला त्यांच्या पाया पडायचंय."

साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेवढं मी तिला सांगितलं. त्यांच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायलाही माणसं कमी पडली होती, हे काही माझ्याच्यानं सांगवलं नाही.