दुखतंय म्हणायचं न्हाई

“ही लचक नाही, हा संधिवात आहे,” मिरजेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझी प्रणाली तेव्हा दहा वर्षांची. संधिवात म्हातारपणी होतो एवढंच मला ठाऊक, म्हणून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आजाराचं नाव जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. शरीराचं रक्षण करणारी फौज चुकून आपल्याच सांध्यांवर उठते, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही आष्ट्याचे. सासरे फौजेतून निवृत्त झाले, गावात मुलींना कुस्ती शिकवतात. प्रणाली त्यांची लाडकी पठ्ठी. गुडघा सुजला तेव्हा त्यांनी तेल लावून चोळून दिला. सूज हटेना, सकाळी पाय सरळ होईना, तेव्हा कुठं मिरज गाठली.

आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं. सुईला ती घाबरायची नाही, पण नंतरच्या मळमळीनं रडकुंडीला यायची. काही महिन्यांनी सूज उतरली. दुखतं का, असं मॅडम दर खेपेला विचारायच्या. ती ठामपणे नाही म्हणायची. रक्ताचे नेहमीचे रिपोर्टही चांगले आले. औषध थांबवायचं का, यावर बोलणं निघालं. मला तर कधी एकदा थांबतंय असं झालेलं.

त्याच सुमारास मॅडमनी एका संशोधनासाठी तिचं थोडं रक्त मागितलं. मला चौकशांची खोड. कशाला, ते विचारलंच. मॅडमनी समजावलं: रोगाशी लढणारी प्रथिनं म्हणजे अँटिबॉडी. त्यांच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. शरीरातली ती फौज शांत असली की पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज नावाची साखर असते. फौज खवळली की ती कमी होते, टोकं उघडी पडतात. उसाच्या पट्ट्यात जन्म गेला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. गूळ बंद करू का, तेही विचारून घेतलं. खाल्लेल्या साखरेशी याचा संबंध नाही म्हणून मॅडम हसल्या.

पुढच्या खेपेला सासरेही बरोबर होते. मॅडम म्हणाल्या, “हिच्या साखळ्यांची टोकं बरीच उघडी दिसतात. ही चाचणी अजून संशोधनातली, तिच्यावर औषध ठरवत नाही. पण मला शंका आली.” म्हणून गुडघ्याची सोनोग्राफी केली. आत सूज होतीच.

मी प्रणालीकडे पाहिलं. ती आजोबांकडे पाहत होती. तालमीचा पहिला नियमच तो: दुखतंय म्हणायचं न्हाई. रोज सकाळी पोरगी दुखणं गिळून उठत होती.

सासरे तिच्यापुढे वाकले. “आता खरं सांग, बाळा. दुखतंय?”

“व्हय. लय.”

औषध चालू राहिलं, आणि आता ती खरंच बरी आहे. त्या साखळ्या पुन्हा तपासायच्या आहेत; टोकं भरली का, याची मला भारी उत्सुकता. तुमच्या घरी असं मूल असेल तर रिपोर्ट बघाच. पण ‘दुखतंय’ म्हणायची त्याला मुभा आहे का, तेही बघा.

सासऱ्यांनी नियम बदलला. सरावाआधी प्रत्येकीनं काय दुखतंय ते सांगायचं. परवा सगळ्यांचं सांगून झाल्यावर प्रणालीनं त्यांनाच विचारलं, “आन् तुमचं, आजोबा?”



“गुडघा,” म्हणाले. “लय वर्सं झाली.”