पाणचक्कीतले पदाधिकारी

बेळगावजवळ, उचगावच्या पलीकडच्या ओढ्यावर एक पाणचक्की होती. रस्ता रुंद करण्यासाठी ती सोमवारी पाडायची ठरली, तेव्हा आमच्या वारसा मंडळाला तिच्याबद्दल एकदम प्रेम दाटून आलं. पाडण्याआधी तिचं मोजमापासकट त्रिमितीय चित्र घ्यायला शनिवारी लेझर स्कॅनिंग ठरलं. मी सचिव, त्यामुळे यादी माझी. गवत कापणे, सावलीला ताडपत्री, चहा, आणि शेवटी "सर्व पदाधिकारी अकराला हजर". हे शेवटचंही मीच लिहिलं.

ही चक्की आयुष्यभर चालवलेले आप्पा आता ऐंशीच्या घरात. त्यांचं एकच मागणं होतं. वरचा दगड कमी-जास्त उचलणाऱ्या लाकडी पाचरीची खाच नीट नोंदवा. पीठ बारीक की भरड, ते तिच्यावर ठरायचं.

"भिंती कोण बी बांधंल, आक्का. ही खाच गेली की चक्की गेली."

तिपाईवरचं यंत्र गोल फिरायला लागलं. स्कॅनिंगला आलेल्या इंजिनिअरने सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं, मराठीत आणि कन्नडमध्येही. पण मंडळी फेटे बांधून आली होती, आणि बाहेर थांबायला कोणी फेटा बांधत नाही.

"चार कोपऱ्यांतनं फोटो हाय म्हणं," उपाध्यक्ष म्हणाले. "मशीन जाईल तिकडं आपण जायचं. अध्यक्ष, तुम्ही मधी, दगडाला टेकून. आप्पा, जरा मागं सरा की, अध्यक्ष दिसंनात."

आप्पा सरकले. अध्यक्ष चारही वेळा श्वास रोखून उभे राहिले. मी तेव्हा चहाचे कप मांडत होते.

दुपारी इंजिनिअरने लॅपटॉप उघडला. फेट्याच्या घड्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट. पण लेझर माणसाच्या आरपार जात नाही. त्याच्या मागचं सगळं काळं राहतं. चक्कीला अध्यक्षांच्या आकाराचं भोक पडलं होतं.

"माझी खाच कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

"अध्यक्षांच्या मागं," इंजिनिअर म्हणाला.

"मग त्यास्नी सरकवा की!"

"आता नाही सरकत, आप्पा."

यंत्राची बॅटरी संपली होती आणि इंजिनिअरला संध्याकाळी निपाणीत दुसरं काम होतं.

रविवारी मी सुताराचा टेप आणि आलेखाचा कागद घेऊन गेले. कुणालाही कळवलं नाही. आप्पा बोट ठेवायचे, मी मोजायचे. अंधार पडेपर्यंत सगळं कागदावर आलं. सोमवारी चक्की गेली.

पुढे बेळगावात प्रदर्शन भरलं. पडद्यावर चक्की गोल फिरत होती आणि अध्यक्ष तिच्यात स्वतःला बघत होते. माझा कागद शेजारी लावू का, म्हणून मंडळाला विचारलं. "डिजिटल प्रदर्शनात हातानं काढलेलं बरं दिसत नाही," असं उत्तर आलं.

कागद घेऊन आप्पांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि खाचेवर नख ठेवलं.

"एवढी सरळ न्हवती, आक्का. डावीकडं कलती. खोडरबर हाय न्हवं?"

होता. मी खोडायला घेतलं.