काकांचा अंगठा आणि डहाणूचा शिंगाळा

जव्हार संस्थानाला समुद्र नव्हता. तरीही माझ्या काकांनी समुद्रात जाऊन मासा धरण्याची प्रतिज्ञा केली, आणि ती डहाणूला, सासुरवाडीच्या भरल्या पंगतीत केली. निमित्त काकूच्या भावाचे. काका दरबारच्या जंगल खात्यात कारकून होते, आणि मेहुणे त्यांना प्रत्येक भेटीत एकच वाक्य ऐकवत.

"भावोजी, डोंगरातल्या माणसाला मासा ताटात आल्यावरच ओळखता येतो."

त्या दिवशी काकांनी घास खाली ठेवला. "उद्या समुद्रातून स्वतः मासा धरून आणतो. नाही आणला तर गळ्यात माळ घालीन."

माळ म्हणजे मासे कायमचे बंद. काकूचा वाढता हात थांबला. जव्हारला महिनोन्महिने सुक्या बोंबलांवर काढणारा आणि ताज्या माशासाठी बैलगाडीने घाट उतरणारा हा माणूस. माळ घातल्यावर त्याच्याबरोबर दिवस कोणाला काढायचे आहेत, हे तिला सर्वांच्या आधी कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही होडीत येऊन बसली. तिच्याखेरीज काका, मेहुणे, काकांबरोबर जव्हारहून आलेले त्यांचे वैद्य मित्र, होडी चालवणारा तांडेल आणि मी.

किनारा मागे पडल्यावर काकांनी नियम सांगितला. जव्हारजवळ साखरशेतकडे नदीच्या डोहावर मासे धरायला बसले की कोणी बोलत नाही. एक जण शिंकला तर सगळ्यांचे कालवण जाते. तोच नियम इथे. मासा लागला तर फक्त हात वर करायचा.

"शेट, दर्याला कान नसतात," तांडेल म्हणाला.

"माशाला असतात."

मेहुण्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि त्यानंतर इतक्या गांभीर्याने मौन पाळले की तो उघड अपमानच होता.

काकांनी डोंगरातली आणखी एक रीत आणली होती. डोहावर गळाच्या दोरीचे टोक पायाच्या अंगठ्याला बांधतात. हात विडीला मोकळे राहतात, आणि डुलकी लागली तर मासाच उठवतो. तिथला मासा वीतभर असतो. तांडेलाने काकांच्या अंगठ्याकडे पाहिले, आपल्या जाड दोराकडे पाहिले आणि तोंड उघडले. काकांनी त्याला खुणेने गप्प केले, दोराचे टोक अंगठ्याला बांधले आणि गळ पाण्यात सोडला.

थोड्या वेळाने काकांना होडी लागली. ते डोळे मिटून काठाला धरून बसले. मग त्यांनी हात वर केला. वैद्यांनी त्या हातावर आवळकाठी ठेवली. काकांनी ती टाकली आणि हात पुन्हा वर केला. वैद्यांनी सुंठ दिली. काकांनी दोन्ही हात वर केले. आता उलटी होणार असे समजून मेहुण्यांनी पाय आवरून घेतले. काकांचा उजवा पाय हळूहळू सरळ झाला आणि होडीच्या काठावर चढला. नियम त्यांनी तेव्हाही मोडला नाही.

"अहो, पाय कुठे चालला तुमचा!" काकू ओरडली आणि तिने त्यांचे धोतर दोन्ही हातांनी धरले.

"मासा!" काका म्हणाले.

तांडेलाने झेप घेऊन दोर धरला, वैद्यांनी काकांची कंबर धरली. बऱ्याच ओढाताणीनंतर हातभर लांबीचा शिंगाळा होडीत येऊन आपटला. काका तळाशी बसून कण्हत होते. धोतर बहुतांशी काकूच्या हातात होते.

मेहुण्यांचे मौन सुटले. "भावोजी, मासा तांडेलाने ओढला आणि तुम्हाला माशाने. माळ आजच आणू?"

"दोर माझ्या पायाला होता."

"दोर खुंट्यालाही असतो. खुंट्याने बैल धरला असे कोणी म्हणत नाही."

"खुंटा नसता तर बैल राहिला असता का?"

तांडेल म्हणाला, "शेट, माशानं माणूस धरलेला मी आजच बघितला."

त्या घरात माशाचे डोके तो मासा धरणाऱ्याच्या पानात वाढण्याची रीत होती. त्यामुळे संध्याकाळच्या पंगतीत निकाल आपोआप लागणार होता. काका अंगठ्याला हळद बांधून रिकाम्या पानासमोर बसले. चेहरा शिक्षा ऐकायला उभ्या केलेल्या माणसाचा. मेहुणे त्यांच्याकडे पाहत भात कालवत होते.

काकू पातेले घेऊन आली. तांडेलासाठी मधल्या तुकड्यांचे कालवण तिने आधीच घरी पाठवले होते. ती भावासमोर थांबली, त्याला शेपटीकडचा तुकडा वाढला. मग डोके काकांच्या पानात ठेवले.

मेहुण्यांनी तोंड उघडले. काकूने हातातला वाढायचा डाव वर केला.

"दादा, मासा पानात आहे. बोलायचे नाही."

काकांनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. डोके संपेपर्यंत पंगतीत कोणी बोलले नाही. माळ आली नाही. अंगठ्याचे नख मात्र पुढे बरेच महिने काळे होते, आणि जव्हारच्या कचेरीत काका ते विचारल्याशिवायही दाखवत.